बंगळूरहून समुद्राकडे

बंगळूर शहराला निसर्गाने आणि माणसांनी पुष्कळ दिले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसल्यामुळे तेथील हवा सौम्य. हैदर अलीने १७६० च्या सुमारास आरंभिलेली लालबाग आजही तेथे बहरते आणि १८८२ साली बांधलेल्या सँकी तलावाच्या काठी संध्याकाळी माणसांची वर्दळ असते. नाही तो फक्त समुद्र! ज्या बंगळूरकराला लाटांचे दर्शन हवे असेल, त्याला सह्याद्री उतरूनच जावे लागते.

माझ्या एका जुन्या मित्राने आपल्या साखरपुड्याची छायाचित्रे समुद्रकाठी काढावयाचे ठरविले आणि ते काम माझ्याकडे सोपविले. त्याचे घराणे बंगळूरचेच, पण बोली मराठी. वाचकांना याचे नवल वाटावयास नको. १६३८ मध्ये विजापूरकरांनी बंगळूर जिंकले व त्याची जहागीर शहाजीराजांना मिळाली. मराठी माणसाचा या शहराशी असलेला संबंध इतका जुना आहे. वधूचे माहेर मूळचे कुमठ्याकडचे, कन्नड बोलणारे आणि आता कारवारात स्थायिक झालेले. मराठीत ज्याला साखरपुडा म्हणतात, त्याला कन्नडमध्ये निश्चितार्थ असे नाव आहे. एका शब्दात गोडवा, तर दुसऱ्यात निश्चय. संसाराला दोन्ही हवेत.

मात्र या बेताला वधूच्या अज्जींची, म्हणजे आजीची, संमती नव्हती. लग्नाआधीच मुलांनी चारचौघांत जवळ उभे राहावे आणि ती चित्रे घरोघरच्या फोनवर फिरावीत, हे त्यांना रुचेना. तरुण मंडळी हिरमुसली. "अज्जींच्या मनाविरुद्ध एकही चित्र नको," असे वधूने स्पष्ट सांगितले. दोन भाषांची दोन घरे नुकती कोठे जवळ येत होती. या लहानशा कारणाने मने दुखावतात की काय, अशी काळजी सर्वांना लागली. अखेर मित्राच्या आईनेच दूरध्वनी केला. बंगळूरच्या वास्तव्यात कमावलेल्या कन्नडमध्ये त्या म्हणाल्या, "अज्जी, तुम्हीही बरोबर चला. मीही येते. पहिले चित्र तुमचे, मग मुलांचे." अज्जी क्षणभर थांबल्या आणि मग, किती वाजता निघावयाचे, एवढेच त्यांनी विचारले.

बंगळूरहून कारवार सडकेने सुमारे ५२० किलोमीटर पडते. आम्ही रात्रीची आगगाडी पसंत केली. सकलेशपूर ते सुब्रह्मण्य रोड या घाटात सुमारे ५५ किलोमीटरांच्या अंतरात ५७ बोगदे आहेत. रात्री ते दिसत नाहीत, पण चाकांचा आवाज वारंवार बदलतो आणि आपण पठार सोडून खाली उतरत आहोत हे अंथरुणातही उमगते. उजाडताना खिडकीबाहेर माड, भातखाचरे आणि खाड्यांचे रुंद पाणी दिसू लागते.

कारवारचे वैशिष्ट्य असे की, तेथे डोंगर आणि समुद्र अगदी शेजारी नांदतात. उत्तरेस काळी नदी सागराला मिळते आणि पलीकडे सदाशिवगड उभा आहे. येथील किनाऱ्याला रवींद्रनाथ ठाकुरांचे नाव दिले आहे, ते उगीच नव्हे. त्यांचे वडीलबंधू सत्येंद्रनाथ येथे न्यायाधीश असताना, १८८३ मध्ये, तरुण रवींद्रनाथ त्यांच्याकडे राहावयास आले होते. 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाट्यकाव्य त्यांनी येथेच लिहिले. संसार त्यागलेला एक संन्यासी एका निराधार मुलीच्या मायेने पुन्हा माणसांत येतो, अशी त्याची कथा. पुढे त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्वतः रवींद्रनाथांचा विवाह झाला!

छायाचित्रे काढू इच्छिणाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द सांगतो. हा किनारा पश्चिमाभिमुख आहे. सूर्य डोंगरामागून वर येतो, म्हणून सकाळी प्रथम वाळूवर मऊ सावली असते. चेहरे टिपावयास ती वेळ उत्तम. संध्याकाळी सूर्य समुद्रात उतरतो. त्याला पाठीशी घेऊन उभे केल्यास माणसांच्या केवळ काळ्या आकृती उमटतात. चेहरे हवे असतील तर त्यांना थोडे वळवावे आणि समोरून पांढरी चादर धरून उजेड परतवावा. ओहोटीच्या वेळी ओली वाळू आरशासारखी चमकते, म्हणून भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी. खारा वारा भिंगावर बसतो. ते मऊ कापडाने वरचेवर पुसावे. जवळच नौदलाचा तळ आहे, त्या बाजूस कॅमेरा रोखू नये.

ठरल्याप्रमाणे पहिले चित्र अज्जींचे झाले. त्या वाळूवर बसल्या, दोन्ही मुलांना त्यांनी दोहो बाजूंस बसविले आणि पदराच्या गाठीतील खडीसाखर दोघांच्या हातावर ठेवली. कोणी सांगितलेले नव्हते. मी बटण दाबले ते त्या क्षणी. पुढे मुलांची पुष्कळ चित्रे निघाली. अज्जी स्वतःच "थोडे जवळ उभे राहा" असे सांगू लागल्या.

मित्राच्या आई मात्र पाण्याच्या कडेला एकट्याच उभ्या होत्या. त्यांच्या लग्नाचे एकुलते एक छायाचित्र घरात भिंतीवर आहे. बंगळूरच्या एका छायाचित्रगृहात काढलेले. मागे पडद्यावर रंगविलेल्या लाटा आणि दोन माड. "ह्यांना एकदा खरा समुद्र दाखवावयाचा होता मला," त्या म्हणाल्या. मित्राचे वडील आज हयात नाहीत. मुलाने जवळ जाऊन आईचा हात धरला. सून दुसऱ्या बाजूस उभी राहिली. तेही चित्र मी घेतले, पण पाठीमागून.

वाचकहो, अशा समारंभांवर हल्ली खर्च फार होतो, ही तक्रार खोटी नाही. पण साधन थोडे असो वा अधिक, चित्रात कोणाला घ्यावयाचे हे आपल्याच हाती असते. वडीलधाऱ्यांना चौकटीबाहेर ठेवून काढलेली चित्रे सुंदर असतील. त्यांना सोबत घेऊन काढलेली घराण्याची होतात. आपल्या घरी असा मंगल प्रसंग येईल, तेव्हा अंगरखे आणि दागिने ठरविण्यापूर्वी आजीला विचारून पाहा. ती नाही म्हणाली, तर तिलाच बरोबर चलण्याचा आग्रह करा.