बोनस, सूद आणि दामदुप्पट : हिंगोलीच्या छावणीमागचे कर्ज

हिंगोलीला एकोणिसाव्या शतकात लष्करी छावणी होती, हे पुष्कळांना ठाऊक असते. ती छावणी ज्या फौजेची होती, ती फौज कर्जावर पोसली जात होती आणि त्या कर्जाच्या व्याजाला प्रत्येकाने आपापल्या सोयीचे नाव दिले होते, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही.

फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज, पगार हैदराबादच्या खजिन्यातून. खजिना रिकामा असे. तेव्हा राज्याचा कारभार पाहणारे राजा चंदुलाल विल्यम पामर आणि कंपनी या हैदराबादच्या पेढीकडे वळले. पेढीचा दर शेकडा चोवीस-पंचवीसच्या घरात होता. याउलट ब्रिटिश संसदेच्या १७७३ च्या कायद्याने हिंदुस्थानातील ब्रिटिश प्रजाजनांना शेकडा बारापेक्षा अधिक व्याज घेण्यास मनाई केली होती. तो कायदा निजामाच्या मुलखात लागू होतो की नाही, यावर पुढे विलायतेत कायदेपंडितांचा खल झाला.

१८२० मध्ये साठ लाखांचे नवे कर्ज उभे राहिले. नवा रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ याने हिशेब तपासले, तेव्हा त्यातले आठ लाख प्रत्यक्षात दिलेलेच नव्हते, असे निघाले. ती रक्कम ‘बोनस’ म्हणून मुद्दलात धरली होती. येथे भाषांतराचा खरा प्रश्न उभा राहतो. ‘बोनस’ला मराठी शब्द कोणता? बक्षीस म्हणावे, तर देणारा खूश असायला हवा. नजराणा म्हणावे, तर घेणारा वरिष्ठ असायला हवा. खेड्यातल्या कुळाला विचारले असते, तर त्याने एका शब्दात सांगितले असते : आगाऊ कापलेले व्याज.

पेढीचे कर्ज फेडण्यासाठी निजामाने इंग्रजांकडून मिळणारी वर्षाला सात लाखांची पेशकश एकरकमी मोबदला घेऊन कायमची सोडली. पुढे फौजेच्या पगाराची बाकी कंपनीच्याच खात्यावर चढत गेली आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६० मध्ये सुमारे पन्नास लाखांचे देणे माफ झाले, वऱ्हाड मात्र परत आले नाही.

या तहाने हिंगोली सीमेवर आली. शेजारचे वाशीम इंग्रजी अमलाखाली, हिंगोली निजामाकडे. पलीकडे कलदार रुपया, अलीकडे हाली सिक्का. शंभर कलदार म्हणजे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. म्हणजे ‘शंभर रुपये कर्ज’ एवढे लिहून भागत नसे. कोणते शंभर, हेही लिहावे लागे. अलीकडच्या सरकारदरबारी आधी फारसी होती, मग उर्दू आली. घरात ज्याला व्याज, मुद्दल, गहाण म्हणत, त्याला कचेरीत सूद, असल, रहन म्हटले जाई. शब्द एकास एक जुळतात, पण त्यांचे पोट वेगळे असते. फारसीत ‘सूद’ म्हणजे नफा, लाभ. तो शब्द धनकोच्या बाजूने बोलतो. संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे बहाणा, कपट. व्याजस्तुती या अलंकारात तो अर्थ अजून जिवंत आहे. ऋणकोचे मत कदाचित तेच असावे!

युरोपातही हा घोळ आहेच. इंग्रजीतला ‘इंटरेस्ट’ आणि फ्रेंचमधला ‘अँतेरे’ हे दोन्ही शब्द हित, रुची आणि व्याज असे तिन्ही अर्थ वाहतात. फ्रेंच ‘उझ्यूर’चा एक अर्थ झीज, दुसरा भरमसाट व्याज. त्यामुळे फ्रान्सच्या कायद्यातला ‘तो द्युझ्यूर’ शब्दशः उतरवला तर ‘सावकारीचा दर’ होईल. प्रत्यक्षात तो कायद्याने ठरवलेली व्याजदराची कमाल मर्यादा आहे.

आपल्याकडे अशी मर्यादा एका शब्दातच मावलेली होती : दामदुप्पट. एका वेळी वसूल होणारे थकीत व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, हा मनुस्मृतीपर्यंत मागे जाणारा नियम. मुंबईच्या उच्च न्यायालयाने तो हिंदू ऋणकोंसाठी मान्य केला. पण इंग्रज न्यायाधीशांना त्याला सुटसुटीत प्रतिशब्द सापडला नसावा. इंग्रजी निकालपत्रांत तो ‘दामदुपट’ म्हणून जसाच्या तसा राहिला.

महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यातही सावकाराला मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. शब्दाचे नशीब मात्र पालटले आहे. कर्जदाराची ढाल असलेला ‘दामदुप्पट’ आता ठेवीदाराला भुलवणाऱ्या योजनांच्या जाहिरातींत दिसतो, आणि त्या योजना बुडाल्या की वर्तमानपत्राच्या मथळ्यात.