केमो नको, हे ठरलं कसं

मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ ऑपरेशन करून काढली, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की आता केमो. जाऊबाईंनी तर विगचीही चौकशी करून ठेवली. (आतड्याच्या केमोत केस सहसा विरळ होतात, टक्कल क्वचितच पडतं. पण कोण ऐकतंय!)

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. गाठ आतड्याचा स्नायूंचा थर ओलांडून बाहेर गेलेली, पण तपासलेल्या १८ लिम्फ नोड्सपैकी एकातही कॅन्सर नाही. म्हणजे दुसरी स्टेज. डॉक्टर म्हणाले, "काकू, तिसरी असती तर मी केमोचा आग्रहच धरला असता. दुसरीत विचार करावा लागतो." या स्टेजचे बहुतेक रुग्ण नुसत्या ऑपरेशननेच बरे होतात. ब्रिटनमधल्या 'क्वासार' नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली आले. केमोमुळे वाचणारे जास्तीचे रुग्ण शंभरात तीन-चार, एवढाच फरक निघाला. त्या तीन-चारांत मी आहे का, हे कसं कळणार?

मुलाने एक जीन टेस्ट शोधून काढली. गाठीतली १२ जीन्स तपासून शून्य ते शंभरमधला स्कोअर देणारी. नमुना परदेशी पाठवायचा. किंमत ऐकून ह्यांनी पाणी मागितलं. डॉक्टरांनी टेस्टला नावं ठेवली नाहीत, पण स्पष्ट सांगितलं, "कॅन्सर परत येण्याचा धोका किती, ते हा स्कोअर सांगतो. केमो तुम्हाला लागू पडेल का, ते नाही सांगत." आणि आम्हाला तर नेमकं तेच हवं होतं.

त्यांनी आधी एमएमआर तपासणी करायला लावली. त्यासाठी नवी सुई नाही, नवं ऑपरेशन नाही. काढलेल्या गाठीचा तुकडा लॅबमध्ये मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेला असतो, त्यावरच होते. पेशी डीएनएची नक्कल करताना चुका करते. त्या दुरुस्त करणारी चार प्रथिनं गाठीत आहेत का, हे पाहतात. माझ्या गाठीत एमएसएच२ आणि एमएसएच६ नव्हती. रिपोर्टवर 'लॉस' वाचून माझ्या पोटात गोळा आला, डॉक्टर मात्र हसले. अशा गाठीत इतक्या चुका साठतात की शरीराची प्रतिकारशक्ती तिला परकी म्हणून ओळखते. म्हणून दुसऱ्या स्टेजमध्ये ती परत येण्याचं प्रमाण कमी. शिवाय या स्टेजला एरवी देतात त्या फ्लुरोयुरॅसिलचा किंवा त्याच्या गोळ्यांचा अशा गाठींत फायदा दिसलेला नाही. केमो रद्द. सीईएची रक्ततपासणी, सीटी स्कॅन, कोलोनोस्कोपी, एवढा पहारा राहिला.

"पैसे वाचवायला केमो टाळली की काय?" असंही एकीने विचारलं. मी रिपोर्टच पुढे केला.

त्याच रिपोर्टमुळे पुढे रक्ताची जनुकीय तपासणी झाली आणि लिंच सिंड्रोम निघाला, म्हणजे याच दुरुस्तीच्या जीनमधला आनुवंशिक दोष. हा दोष भावंडांत आणि मुलांत असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी. मुलाने लगेच रक्त दिलं. मिरजेचा भाऊ अजून "मला कुठे काय होतंय!" म्हणतो. त्याच्यामागे लागणं चालू आहे.

तुमच्या घरात कुणाच्या रिपोर्टवर दुसरी स्टेज लिहिली असेल, तर केमोची तारीख घेण्याआधी एवढंच विचारा: एमएमआर तपासली का?