पालक क्रमांक चौदा

आमची सून मास्तरीण आहे. चार किलोमीटरवरच्या वस्तीवर जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, शिक्षक दोन. डी.एड. करून नोकरीला लागली, मग मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाली. तेवढ्यावर थांबेल असं आम्हाला वाटलं होतं. एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, “मामा, एम.ए. करावं म्हणते. शिक्षणशास्त्रात.”

“पगार वाढतो का त्यानं?”

“लगेच नाही.”

“मग कशाला?”

ती गप्प बसली, पण फॉर्म भरला. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं. ज्याला घर, रान, नोकरी सोडून कॉलेजात बसता येत नाही त्यानं घरबसल्या शिकावं, म्हणून. त्या साली मी तिशीचा होतो. दहावी पास होतो आणि हातात कोयता होता. असं काही निघालंय हे उसाच्या फडात मला कोण सांगणार?

रविवारी तिला तालुक्याला वर्गाला जावं लागे. नेमका कापूस फुटलेला आणि वेचायला माणूस मिळत नाही, अशात ही पिशवीत पुस्तकं घालून निघायची. मला राग यायचा. बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा तिचाच होता.

एकदा तिचं पुस्तक ओट्यावर राहिलं. मी चाळलं, तर एका धड्यात शिक्षकाच्या नेतृत्वाविषयी लिहिलेलं. मला हसू आलं. नेतृत्व म्हणजे आम्हाला ठाऊक ते चौकातल्या फ्लेक्सवरचं. संध्याकाळी विचारलं, “काय सुनबाई, झेडपीला उभं राहायचं का?”

ती म्हणाली, “मामा, पेरणीला गावात पहिली पाभर कुणाची निघते?”

मी एका म्हाताऱ्याचं नाव घेतलं.

“त्यांना कुणी निवडून दिलंय का?”

“नाही. पण त्याची पाभर निघाली की लोक आभाळाकडं बघत नाहीत, आपापली बैलं जुपतात.”

“तेच लिहिलंय त्यात. खुर्ची नसलेल्या मास्तरानं आधी स्वतः करायचं, म्हणजे शेजारचा करतो.”

दुसऱ्या वर्षी तिला लघुशोध करायचा होता. विषय तिनं पुस्तकातून काढला नाही. तिच्या शाळेच्या पटावर एक्केचाळीस पोरं, पण दिवाळी झाली की वर्गात पंधरा-सोळा उरायची. आमचा हा बीड जिल्हा. बालाघाटच्या डोंगरातली कोरडवाहू जमीन चार महिने पोसते, बाकीचं पोट उसावर. मुकादमाची उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि दसरा-दिवाळीला गाड्या निघाल्या की होळी-पाडव्यापर्यंत कारखान्यावर. पोरंही संगं जातात. सहा ते चौदा वर्षांच्या पोराला शाळा मिळालीच पाहिजे असा २००९ चा कायदा आहे. बाहेरगावी जाणाऱ्या पोराला शिक्षण हमी कार्डही देतात, तिकडच्या शाळेत दाखवायला. पण वस्तीवरची बरीच कार्डं दप्तरातच राहायची.

हंगामी वसतिगृहाची योजनाही आहे. आईबाप तोडीला गेले तरी पोरानं गावात आजी-आजोबांकडं राहावं, त्याच्या जेवणाची सोय व्हावी. सुनेचं म्हणणं एवढंच, की यादी दिवाळीनंतर करून काय उपयोग? तोवर गाड्या गेलेल्या असतात. यादी पोळ्याच्या आत पाहिजे, आणि पोर नेमकं कशासाठी नेतात ते घरोघर जाऊन विचारलं पाहिजे.

तिच्या जोडीचे गुरुजी वयानं मोठे, शाळेचा चार्जही त्यांच्याकडं. पहिल्यांदा ते म्हणाले, “बाई, हे आपलं काम नाही.” ती वाद घालत बसली नाही. एकटीनं पाच घरं फिरली आणि लिहून आणलेलं त्यांच्यापुढं ठेवलं. तिसऱ्या दिवशी गुरुजी स्वतःच्या मोटारसायकलवर निघाले.

वस्तीवरची माणसं माझ्या ओळखीची, म्हणून तिनं मलाही संगं घेतलं. कागदावर प्रश्न छापलेले, ती विचारायची आणि मी लिहायचो. लोकांना शिक्षणाची आवड नाही असं मी समजत होतो, पण तसं एकानंही सांगितलं नाही. फडात तान्ह्या लेकराला कोण बघणार? म्हातारीच्या हातानं चूल होत नाही. पोरगी वयात येतीय, मागं कुणाच्या भरवशावर ठेवावी? सगळी कारणं असलीच.

एका घरी म्हातारी दारातच बसली होती. मी लिहायला लागलो तशी म्हणाली, “का रं, आम्हाला काय इचारतोस? तू नव्हती का तुझी पोरगी नेली? तुझा कागद भरला का?”

सून माझ्याकडं बघेना. म्हातारीचं जे काय होतं ते तिनं लिहून घेतलं, आणि आम्ही घरी आलो.

खरं होतं ते. १९९२ साल. थोरली पाचवीत होती. पोरगा दोन वर्षांचा. आम्ही दोघं पहाटे फडात जायचो आणि ती कोपीत त्याला सांभाळायची. बाई म्हणाल्या होत्या, पोरगी हुशार आहे, ठेवा. मी म्हणालो, एक साल नेतो. त्या एका सालाची चार सालं झाली आणि शाळा सुटली ती सुटलीच. तिनं सांभाळलेला तो पोरगा म्हणजे आमच्या सुनेचा नवरा. अडाणी बापानं नेली असती तर एक वेळ ठीक. मी दहावी शिकलेला होतो.

रात्री जेवणं झाल्यावर म्हणालो, “एक कोरा कागद दे.” तिनं दिला. विचारलं काही नाही. मी भरला. मूल सोबत नेण्याचे कारण : धाकट्या भावास सांभाळण्यासाठी.

त्या साली यादी वेळेत गेली. तीन आज्यांनी मिळून चूल धरली. जी पोरं गेलीच, त्यांची नावं सुनेनं तिकडच्या कारखान्याजवळच्या शाळेतल्या मास्तरांना फोनवर कळवली. वर्गात सव्वीस पोरं राहिली. सगळी राहिली असं मी म्हणणार नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत तिनं हे सांगितलं, तर दुसऱ्या दोन शाळांनी तिचा प्रश्नांचा कागद मागून घेतला. वरून काही आदेश निघाला नव्हता.

एम.ए. झाली. बढती अजून नाही. आजही ती त्याच शाळेत, चौथीचा वर्ग घेते.

गेल्या पंचमीला थोरली माहेराला आली होती. फळीवर सुनेचा बांधलेला प्रबंध दिसला, तो घेऊन बसली. बोट ठेवून, अडखळत वाचत होती. नावं कुणाचीच नव्हती, नुसते क्रमांक. एका पानावर तिचं बोट थांबलं.

“दादा, पालक क्रमांक चौदा. पाचवीतली पोरगी, धाकट्या भावासाठी. हे आपलंच हाय का?”

मी हो म्हणालो.

तिनं बराच वेळ पान उलटलं नाही. मग म्हणाली, “बरं झालं, कुठंतरी लिवलं.”