बालदी की बादली?

मालवणात माहेर, पुण्यात सासर आणि उतारवयात मुलाच्या नोकरीपायी इंदूर, असा संसार झालेल्या बाईच्या तोंडी एकाच भांड्याची तीन नावं बसतात. माहेरी बालदी, वाड्यातल्या नळाखाली बादली, इंदूरच्या शेजारणीकडे बाल्टी. भांडं मात्र तेच: जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, बुडाशी निमुळतं, तोंडाशी पसरट, दोन कानांत अडकवलेली कडी. भरून उचललं की कडी बोटांत रुतते, म्हणून तिची आई कडीला चिंधी गुंडाळायची.

पुण्यात आल्या आल्या तिला सांगण्यात आलं, 'बालदी नव्हे, बादली म्हणावं.' तिने मुकाट्याने जीभ वळवून घेतली. इतिहास मात्र तिच्या माहेरच्या बाजूने होता.

मूळ शब्द पोर्तुगीज, 'बाल्दे'. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, वसईचा मुलूख १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होता. त्या काळात किनाऱ्यावरून चावी, परात, घमेलं, बिजागरी, पाव, पगार हे शब्द मराठी घरात शिरले आणि घरचेच झाले. गोव्यातल्या आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो यांनी १९१३ साली आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर आख्खा ग्रंथ लिहिला, इतका हा ऐवज मोठा आहे.

'बाल्दे' पोर्तुगीजमध्ये पुल्लिंगी. मराठीत त्याच्या शेवटी 'ई' आली आणि ती बालदी झाली. मग 'ल' आणि 'द' यांनी जागा बदलल्या. याला वर्णविपर्यय म्हणतात. नुकसानीचं 'नुसकान' झालं, वाराणसीचं बनारस झालं, ते याच वाटेने. बादलीच्या बाबतीत ही अदलाबदल सोयीची ठरली असावी, कारण टोपली, सुपली, चकली अशा 'ली'कारान्त शब्दांची मराठी जिभेला जुनीच सवय. हिंदीने वर्णांचा क्रम राखला, पण 'द'चा 'ट' केला. बंगालीत तीच 'बालति' झाली.

म्हणजे बालदी हा गावंढळ उच्चार नाही, तो मुळाशी अधिक जवळचा आहे. बादलीही चुकीची नाही, ती मराठीने स्वतःच्या तोंडाने घडवली आहे. घरात कुणी आजी अजून बालदी म्हणत असेल, तर तिला सुधारायला जाऊ नका. नातवंडांनाही तो शब्द तिच्याच तोंडून ऐकू द्या.