आखूड दस्ता

बंदुकीविषयी लिहितो आहोत म्हणून वाचकांनी बिचकू नये. आमच्या घरच्या बंदुकीने गेल्या पन्नास वर्षांत एकाही जिवाचा बळी घेतलेला नाही. तिने जे काही काम केले ते केवळ आवाज करून, आणि तोही आजऱ्याकडच्या आमच्या तीन तुकड्यांच्या भातशेतीत, मध्यरात्री, रानडुकरांना उद्देशून.

वडिलांनी ती १९६८ साली कोल्हापुरातील एका शिकारी घराण्याकडून विकत घेतली. संस्थान १९४९ साली विलीन झाले, राजेलोकांच्या शिकारीचे दाजीपूरचे रान १९५८ साली अभयारण्य झाले, आणि त्या वाड्यातील बंदुका एकेक करून विक्रीला निघाल्या. परवान्याची बंदूक म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एकनळी किंवा दुनळी येते. ही तशी नव्हे. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने रचलेली, विंचेस्टर कंपनीची, १८९७ च्या नमुन्याची ही बारा बोअरची बंदूक. नळीखाली दुसरी एक बारीक नळी असते, तीत पाच काडतुसे एकामागे एक बसतात. पुढची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलली की नवे आत जाते. बारा बोअर म्हणजे काय, हे वडील आम्हांस लहानपणी गणितासारखे समजावून सांगत : एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यांतील एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअरची.

या नमुन्यात एक खोड आहे. मूठ मागे ओढताना आतला पोलादी खटका पेटीच्या पाठीमागून बाहेर येतो आणि हात जरा वर धरला असेल तर अंगठ्याच्या बेचक्यात चावतो. वडिलांच्या उजव्या हातावर त्या जागी एक पांढरा व्रण होता. तो विळ्याचा असावा असे आम्ही आयुष्यभर समजत आलो.

वडील २०१९ साली वारले. परवानाधारक गेला की हत्यार जमा करावे लागते, त्याप्रमाणे आम्ही ती पोलीस ठाण्यात नेऊन दिली. पुढे टाळेबंदी आली, कागद अडले, आणि परवाना आमच्या नावावर होऊन ती घरी येईपर्यंत दोन पावसाळे उलटले. गोणपाटातून बाहेर काढली तेव्हा नळीवर तांबूस पुरळ उठले होते, दस्त्याचे लाकूड पांढुरके पडले होते. दोष द्यायचा तर आमच्याकडच्या पावसाला द्यावा.

ती पूर्ववत करायची असे आम्ही ठरविले. पण १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरफार परवान्यावाचून कोणालाच करता येत नाही, मग ती स्वतःच्या मालकीची का असेना. म्हणून शहरातील एका परवानाधारक कारागिराकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी बंदूक उघडून रिकामी असल्याची स्वतः खात्री केली, नळीतून उजेडाकडे पाहिले आणि म्हणाले, "साहेब, लोखंड आमच्याकडं ऱ्हाऊ द्या. लाकडाला घरी हात लावा, पर लोखंडाला लावू नगासा." नळीला नवा निळसर मुलामा देता येईल काय, असे आम्ही विचारले. त्यांनी मान हलविली. जुनी निळाई घासून काढली की ती परत येत नाही, आणि घासण्याच्या भरात नळीवरचा क्रमांक पुसट झाला तर परवान्यावरच्या क्रमांकाशी ताळमेळ कसा घालणार? महिनाभराने त्यांनी गंज उतरवून आणि एक थकलेली स्प्रिंग बदलून बंदूक परत दिली. नळीवरचे डाग त्यांनी मुद्दाम राहू दिले होते.

आमच्या पुतण्याचे मत निराळे होते. "काका, नळी कापून आखूड करू या, आणि काळा प्लास्टिकचा दस्ता लावू. पिक्चरमध्ये असते तशी." नळी आखूड करणे हा कायद्यात वेगळा गुन्हा आहे, हे त्याला सांगितले. तो म्हणतो तसली आखूड नळीची ही बंदूक पहिल्या महायुद्धात अमेरिकन शिपायांनी खंदकांत वापरली, आणि सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने तिचा औपचारिक निषेध केला, हेही सांगितले. विषारी वायू वापरणाऱ्यांनी छर्ऱ्यांबद्दल तक्रार करावी ही मौज त्याला फारशी कळली नाही. खंदक मात्र आवडले.

लाकडाचे काम आम्ही घरी, मागच्या पडवीत मांडले. दस्ता अक्रोडाचा. त्यावर जागोजागी खोक पडलेले. लाकूड नुसते दबलेले असेल, तंतू तुटलेले नसतील, तर त्यावर ओले फडके ठेवून तापलेली इस्त्री टेकवावी. वाफेने तंतू फुगतात आणि खळगा वर येतो. हे आम्हांस प्रथम खरे वाटले नव्हते. इस्त्री कोणाची वापरली यावरून घरात जे बोलणे झाले ते येथे देत नाही. त्यानंतर जवसाचे तेल. तळहाताने चोळून पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा. आषाढाच्या दमट हवेत एकेक हात वाळायला चार-चार दिवस लागत. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, असे कारागिरांनी बजावले होते. हे तेल वाळताना उष्णता धरते आणि बोळा आपसूक पेट घेऊ शकतो. म्हणून ती फडकी आमच्या अंगणात पसरून वाळत पडत, आणि शेजारी विचारत, "नवीन काय काढलंय?"

आमचा एक बेत उरला होता. दस्ता फार आखूड होता. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर या नमुन्यात साधारण पावणेचौदा इंच असते, आमचे साडेबारा भरले. खांद्याला लावली की आमचे नाक अंगठ्यावर आपटे. कोणा अडाण्याने कधीतरी तुकडा कापला असणार, तेव्हा तेवढाच नवा जोडून मूळ माप साधावे, या विचाराने आम्ही अक्रोडाचा एक तुकडाही मिळवून ठेवला होता.

टोकाची रबरी तबकडी दोन स्क्रूंनी बसविलेली असते. ती काढली. आतला काप अतिशय सरळ होता, अडाण्याचा नव्हता. त्यावर सुताराच्या जाड पेन्सिलीने वडिलांच्या अक्षरात दोनच गोष्टी लिहिल्या होत्या : आईच्या नावाचे आद्याक्षर आणि '१९७१'.

आई स्वयंपाकघरात घनसाळ तांदूळ निवडत होती. दस्ता तिच्यापुढे धरला. तिने चष्मा वर केला, अक्षर पाहिले आणि तांदळात पुन्हा बोटे घातली.

"मग काय करायचं? ते सहा दिवस कोल्हापुरात मिलमध्ये. डुकरं काय शनिवारचीच येत होती? पहिल्यांदा बार काढला तेव्हा खांदा आठ दिवस हलेना. त्यांनी खांदा बघितला, काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी कापून आणली."

परवाना वडिलांच्या एकट्याच्या नावाचा होता, तेव्हा ही हकिकत दबक्या आवाजातच सांगितली पाहिजे. पण आम्ही तेव्हा पाच वर्षांचे होतो आणि त्याच घरात निजत होतो. रात्री माळ्यावरून येणारा आवाज वडिलांचा नव्हे, आईचा होता, हे आम्हांस साठीच्या उंबरठ्यावर कळले.

"आणि बाबांच्या हातावरचा तो व्रण?"

"मला शिकवताना. 'असा हात धरायचा नाही' म्हणून दाखवायला गेले, आणि तसाच धरला." आई हसली. ती या गोष्टीवर हसण्याची बहुधा पहिलीच वेळ नव्हती, ऐकायला मात्र पूर्वी कोणी नव्हते.

आम्ही तबकडी होती तशी बसविली. जोडायला आणलेल्या अक्रोडाच्या तुकड्याची पुतण्याने पेन ठेवण्याची घडवंची केली, ती बरी झाली आहे. रिकामी बंदूक एकदा आईच्या हाती दिली. चौऱ्याऐंशीव्या वर्षी साडेतीन किलोंचे ते धूड तिला फार वेळ पेलवणार नव्हते, पण क्षणभर तिने ते खांद्याला लावले. दस्ता बरोबर बेचक्यात बसला, गाल बरोबर लाकडावर आला, आणि तिचा अंगठा खटक्याच्या वाटेतून आपोआप बाजूला झाला. "तेलाचा वास येतोय," एवढेच ती म्हणाली.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि रिवाजाप्रमाणे बंदूक पुन्हा जमा करावी लागली. या वेळी आम्ही ती तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून नेली. नोंद घेणाऱ्या हवालदारांनी ती उलटसुलट पाहिली. "दस्ता कापलेला दिसतोय. लिहू काय?" आम्ही म्हणालो, "लिहा. मापाने कापलेला आहे." पावती आईने मागून घेतली आणि आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली. मतदान झाल्यावर दर दोन दिवसांनी ती विचारी, "मतमोजणी कधी रे?" निवडणुकीत तिला इतका रस असल्याचे आम्ही पूर्वी कधी पाहिले नव्हते.