काचेतलं पाणी

त्या हिवाळ्यात रोज सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास माझा फोन वाजायचा. ‘बॉयलर ट्यूब लीकची शक्यता.’ खाली टक्केवारी, त्याखाली आलेख. अलर्ट पाठवणारा प्रोग्रॅम मीच लिहिलेला, म्हणून पहिले चार दिवस मला स्वतःचा अभिमान वाटला. पाचव्या दिवशी प्लांटच्या शिफ्ट इंजिनिअरचा फोन आला. ‘सर, तुमच्या सॉफ्टवेअरला रोज नाश्त्यानंतर गळती दिसते. आम्हाला काही दिसत नाही.’

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत आहे. औष्णिक वीज केंद्रांतल्या हजारो सेन्सरचे आकडे आमच्याकडे येतात आणि काय बिघडणार आहे हे ते बिघडायच्या आधी सांगायचं, असा आमचा धंदा. केंद्राचं नाव सांगत नाही. 210 मेगावॉटचं जुनं युनिट आहे एवढं पुरे. नाशिकजवळच्या एकलहऱ्याला 1979 ते 1981 च्या दरम्यान जी तीन युनिटं सुरू झाली, त्याच मापाचं. त्या काळात देशभर अशी युनिटं उभी राहिली आणि त्यातली बरीच अजून चालतात.

बॉयलर म्हणजे आतून काय असतं हे मला नोकरी लागेपर्यंत नीट माहीत नव्हतं. आप्पा बॉयलरवर असूनही. दहा-बारा मजली उंच भट्टी, तिच्या भिंतीच मुळी पाण्याच्या नळ्यांच्या. पिठासारखा दळलेला कोळसा आत जळतो, नळ्यांतल्या पाण्याची वाफ होते, ती सुमारे 540 अंशांपर्यंत तापवून टर्बाइनवर सोडतात आणि टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे घेतं. कोळशावरचं युनिट अचानक बंद पडायचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे यातली एखादी नळी फुटणं. सुरुवात सुईएवढ्या भोकापासून होते. पण त्यातून सुटणारी वाफ करवतीसारखी शेजारच्या नळीला कापते, ती तिच्या शेजारणीला. म्हणून लवकर कळण्याला किंमत आहे.

माझं लॉजिक सरळ होतं. बॉयलरमध्ये जेवढं पाणी जातं तेवढी वाफ बाहेर आली पाहिजे. पाणी जास्त जातंय आणि वाफ कमी येतेय, म्हणजे कुठेतरी गळतंय. जुना सात-आठ वर्षांचा डेटा घेतला, मॉडेल शिकवलं, चाचणीत झकास निघालं.

फक्त तो डेटा वेगळ्या जगातला होता. त्या वर्षांत हे युनिट एकदा चढलं की दिवसचे दिवस एका लोडवर चालायचं. बांधलं होतं त्याचसाठी. आता दहा वाजले की सूर्य वर येतो, सौर वीज ग्रिडमध्ये ओतली जाते आणि कोळशाच्या युनिटला सांगतात, खाली उतर. संध्याकाळी सूर्य गेला की, चढ. देशातली सौर क्षमता 2025 च्या जानेवारीअखेर 100 गिगावॉटच्या पुढे गेली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2023 मध्ये नियमच केला, की कोळशाच्या युनिटना 55 टक्के लोडपर्यंत उतरता आलं पाहिजे आणि पुढे टप्प्याटप्प्याने 40 पर्यंत. 210 चं युनिट दुपारी 115 वर. रोज. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला रोज जिने चढ-उतर करायला लावल्यासारखं आहे. जाड पोलादी हेडर रोज थोडे निवतात, रोज पुन्हा तापतात, आणि तार वाकवून वाकवून तुटावी तशा त्यांना बारीक चिरा पडू लागतात.

माझ्या मॉडेलला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. युनिट उतरायला लागलं की त्याला गळती दिसायची.

शेवटी कंट्रोल रूमने सकाळी दहा ते दुपारी चार माझे अलर्ट म्यूट केले. मला सांगून केले आणि मीही ‘ठीक आहे, तोवर दुरुस्त करतो’ म्हणालो. मग दुसऱ्या कामात अडकलो. फेब्रुवारीत एके दिवशी खरी गळती सुरू झाली ती म्यूटच्या वेळेतच. संध्याकाळी लोड चढवताना ती सगळ्यांना कळली, तोवर शेजारच्या पाच नळ्या कापल्या गेल्या होत्या. युनिट बंद. भट्टी थंड करायची, आत पालख बांधायची, नळ्या कापायच्या, वेल्डिंग, रेडिओग्राफी, हायड्रॉलिक टेस्ट. चार दिवस गेले. कोणाला इजा झाली नाही. मला कोणी ओरडलंही नाही, आणि तेच जास्त लागलं. नंतर लॉग बघितला तर त्या दिवशी दुपारी 12 वाजून 40 मिनिटांनी माझ्या प्रोग्रॅमने अलर्ट दिलेला होता. बरोबर दिला होता. ऐकायला कोणी नव्हतं.

त्या शनिवारी मी पुणतांब्याला गेलो.

पुणतांबा तुम्हाला माहीत असेल तर चांगदेवांच्या समाधीमुळे किंवा 1 जून 2017 ला सुरू झालेल्या शेतकरी संपामुळे. संपाच्या वेळी मी लोणीला इंजिनिअरिंगला होतो आणि हॉस्टेलवर सगळे मला विचारायचे, ‘तुमच्या गावात दूध ओतलं का रे?’ 2022 च्या जूनमध्ये गावात पुन्हा धरणं झालं, तेव्हाच्या मागण्यांत एक होती, शेतीला दिवसा पूर्ण दाबाने वीज. शहरातल्या मित्रांना ही मागणी किरकोळ वाटते. आमच्याकडे थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात दोन वाजता बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जावं लागतं. उसात काय काय असतं ते सांगत बसत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली ती याच दुखण्यावर. सबस्टेशनच्या जवळ सौर पॅनल लावायचे आणि शेतीच्या वाहिन्यांना दिवसा वीज द्यायची. म्हणजे माझं गाव दिवसाची वीज मागतं आणि ती वीज आली की माझं युनिट उतरतं. हे मला एसटीत बसल्यावर सुचलं, आणि सुचल्यावर जरा कसंतरीच झालं.

आप्पा जवळच्याच एका साखर कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलर अटेंडंट होते. त्यांचे कान त्यातच गेले. घरी त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडून बोलायचं. आई म्हणते, आमची भांडणं गल्लीला पाठ आहेत. तर ओट्यावर बसून मी ओरडत माझी चूक सांगितली. पाणी जास्त, वाफ कमी, रोज दहा वाजता.

आप्पांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, ‘म्हणजे तू काचेतल्या पाण्यावर विश्वास ठेवला.’

बॉयलरच्या ड्रमला पाण्याची पातळी दाखवणारी काच असते. गेज ग्लास. पातळी फार खाली गेली तर नळ्या कोरड्या पडून जळतात, वर गेली तर पाणी वाफेबरोबर टर्बाइनमध्ये जातं. आप्पांची सगळी नोकरी त्या काचेकडे बघण्यात गेली.

‘काचेतलं पाणी खोटं बोलतं,’ आप्पा म्हणाले. ‘मिल अडकली, वाफ घेणारं कोणी नाही, जाळ कमी केला, की पाणी झपकन खाली जातं. पाणी गेलेलं नसतं कुठं. बुडबुडे बसलेले असतात. नवीन पोरगं घाबरतं आणि पाणी सोडत बसतं.’

इंजिनिअरिंगच्या पुस्तकात याला श्रिंक आणि स्वेल म्हणतात. ड्रममधलं पाणी उकळत असतं, त्यात बुडबुडे मिसळलेले असतात. जाळ कमी झाला की बुडबुडे कमी होतात आणि पातळी उतरल्यासारखी दिसते. कंट्रोलर जास्तीचं पाणी सोडतो. माझा प्रोग्रॅम म्हणतो, पाणी जास्त आणि वाफ कमी, गळती! मी ही व्याख्या वाचलेली होती, परीक्षेपुरती. घरात एकतीस वर्षं ती चालती-बोलती होती.

आणि साखर कारखान्यात हे रोजचंच. वीज केंद्रातल्या लोकांना जे आता आता शिकावं लागतंय ते बगॅसच्या बॉयलरवाल्यांना जुनंच आहे. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस निघतो, त्यातही निम्मं पाणीच. आज कोरडा, उद्या पावसाने भिजलेला. कधी गाडीतळावर गाड्या नाहीत, ‘नो केन’. कधी मिल चोकअप. लोड कधीच एका जागी नाही. आप्पांनी 21 किलो दाबाच्या जुन्या बॉयलरवर सुरुवात केली आणि को-जनरेशन आल्यावर 67 किलोच्या बॉयलरवर निवृत्त झाले. तिथे सगळं स्क्रीनवर. ‘पण खोटं स्क्रीनवरही तेच बोलायचं,’ हे त्यांचं त्यावरचं मत.

‘मग खरी गळती कशी ओळखायची?’ मी ओरडलो.

‘किती वेळ खोटं बोलतं ते बघायचं. बुडबुड्याचं खोटं पाच-दहा मिनिटं. मग पाणी जागेवर येतं. गळती जागेवर येत नाही. आणि आयडी फॅन जड होतो. आत जास्तीची वाफ आली की फॅनला ती पण ओढावी लागते ना.’

मी फोनमध्ये लिहून घेतलं. मग ते हळूच म्हणाले, म्हणजे त्यांच्या मते हळूच, ‘मला आवाजावरनं कळायचं आधी. नंतर नंतर नाही कळलं. शेवटच्या दोन हंगामांत शेजारचा पोरगा मला सांगायचा, आप्पा, आवाज बदलला. मी उगाच मान हलवायचो.’

हे त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. वीज केंद्रांत आता भट्टीच्या भिंतीत माइक बसवून गळतीचा आवाज पकडणारी यंत्रणा असते, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि गप्प बसलो. कानात घालायच्या प्लगची डबी त्यांना मिळायची. ते घालत नसत, कारण प्लग घातले तर बॉयलर ऐकू कसा येणार.

सोमवारी प्रोग्रॅम बदलायला घेतला. आता तो एका क्षणाच्या फरकावर ओरडत नाही. लोड बदलताना थांबतो, पातळी जागेवर यायला किती वेळ लागला ते मोजतो, आयडी फॅनचा करंट त्याच लोडला काल किती होता ते बघतो. खोटे अलर्ट बरेच कमी झालेत. संपलेले नाहीत. म्यूटचं बटण आता सहा तासांचं नाही, अर्ध्या तासाचं आहे, आणि दाबताना कारण लिहावं लागतं. त्यावरून शिफ्ट इंजिनिअर माझ्यावर नाराज आहेत. असू देत.

परवा पुन्हा गावी होतो. दिवसाचा आठवडा होता. आप्पा विहिरीपाशी उभे, मी बांधावर लॅपटॉप घेऊन. लाइट आली, स्टार्टर खट्‌कन बसला, पाइपातून आधी हवा आणि मग पाणी आलं. मोटर नीट चाललीय का हे बघायला आप्पांनी पाइपावर हात ठेवला. ऐकू येत नाही म्हणून आता ते हातानेच बघतात. माझ्या स्क्रीनवर युनिट 204 वरून 198 झालं, मग 191.

‘उतरायला लागलं का?’ त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

‘दहा मिनिटं थांब,’ ते म्हणाले आणि बारं द्यायला गेले.