माठातला रुपया

आमच्या माठाच्या तळाशी एक राणीछाप रुपया असे. "चांदीचं पाणी बाधत नाही," असे आई म्हणे; तिला ते तिच्या आईने सांगितलेले. श्रीरामपूरजवळच्या आमच्या गावी पाणी ओढ्याकाठच्या विहिरीचे. १९६३च्या जूनमध्ये माझ्या वह्यापुस्तकांसाठी तो रुपया सोनाराकडे गेला. श्रावणात माझा दीड वर्षाचा धाकटा भाऊ हगवणीने दगावला.

आईने कोणालाही दोष दिला नाही. मात्र दर राखेच्या बुधवारी कपाळी राख घेऊन परतली, की ती माठ घासून पालथा घाली. "रुपया काढला नसता तर..." एवढेच म्हणे. तो कोणासाठी काढला, हे मला ठाऊक होते.

पुढे मी पुण्यात स्थायिक झालो. २००९च्या आगमनकाळात 'टाटा स्वच्छ' या जलशुद्धीकरण यंत्राची बातमी वाचली. हडपसरच्या टाटा संशोधन केंद्राने पूर्वीच भाताच्या तुसाच्या राखेची गाळणी तयार केली होती. आता त्या राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवले होते. वीज नको, नळ नको. किंमत ७४९ रुपयांपासून. एक गाळणी ३,००० लिटर पाणी शुद्ध करी, मग प्रवाह आपोआप थांबे. राख आणि चांदी! बातमी मी दोनदा वाचली.

चांदी जंतू मारते, हे आजीचे म्हणणे खोटे नव्हते. लायप्झिगच्या डॉ. क्रेडे यांनी १८८०मध्ये नवजात अर्भकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालून कित्येकांची दृष्टी वाचवली. भाजलेल्या जखमांवर चांदीयुक्त मलम आपल्यातील अनेकांनी लावले असेल. पण जंतूंना मारतात ते चांदीतून सुटणारे आयन, आणि ते सुटतात केवळ पृष्ठभागावरून. रुपयाचा पृष्ठभाग जेमतेम १६-१७ चौरस सेंटिमीटर. एक ग्रॅम चांदीचे दहा नॅनोमीटरचे कण केले, तर तोच ५० चौरस मीटरहून अधिक भरतो. दिवसातून दोनदा उपसल्या जाणाऱ्या माठात त्या एका नाण्यावर कोणाचे प्राण सोपवता आले नसते.

हा हिशेब मी कागदावर मांडला, तेव्हा आईला जाऊन आठ वर्षे झाली होती. तिने तो मानला असता, असे मात्र मला वाटत नाही. "आसंल बाबा," ती म्हणाली असती, "पण रुपया मीच काढला व्हता ना?"